ऐन वेळी कॅमेरा का अडतो: बफर, मेमरी कार्ड आणि बर्स्टचा हिशेब

भिगवणजवळच्या कुंभारगावातून पहाटे नाव सुटली तेव्हा उजनीच्या पाण्यावर धुकं होतं. ऊन वर आल्यावर ऑस्प्रे, पाण्यात सूर मारून मासे धरणारा शिकारी पक्षी, दिसला. हवेत एका जागी पंख मारत थांबला आणि नावाडी दादा हळूच म्हणाले, "आता पडंल बघा." मी शटर दाबलं आणि दाबूनच धरलं. पहिले दोन-तीन सेकंद कॅमेरा भराभर चालला, मग आवाज विरळ झाला, मग थांबला. घरी आल्यावर फोटो मोठे करून पाहिले. अठराव्या फ्रेममध्ये पक्षी पंख आवळून खाली येतोय. एकोणिसाव्या फ्रेममध्ये तो मासा पायात धरून पाण्यापासून हातभर वर आहे. पाण्यात शिरण्याचा, पाणी उडण्याचा, बाहेर येण्याचा एकही फोटो नाही. ज्यासाठी पहाटे चारला घर सोडलं होतं, तेच नेमकं त्या दोन फ्रेमच्या मध्ये राहिलं.

त्या दिवशी फोकस बरोबर होता, शटर स्पीड बरोबर होता, लेन्सही पुरेशी होती. अडलं ते बफर आणि कार्डपाशी. शटर दाबून धरल्यावर एकामागून एक निघणाऱ्या फोटोंची मालिका म्हणजे बर्स्ट. कॅमेरा घेताना आपण सेकंदाला किती फ्रेम हे विचारतो. तो वेग किती वेळ टिकतो आणि एकदा दमल्यावर कॅमेरा किती वेळात पुन्हा तयार होतो, हे फारसं कोणी विचारत नाही. मैदानात फोटो मिळतो की हुकतो, ते मात्र बऱ्याचदा याच दोन गोष्टींवर ठरतं. म्हणून हा सगळा हिशेब पायरीपायरीने मांडतो. सोबत स्वतःचा कॅमेरा घेऊन बसलात तर जास्त उपयोग होईल.

आधी हे चालतं कसं

विहिरीवरची मोटर हौदात पाणी टाकते आणि हौदातून पाटाने पाणी शेतात जातं, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. मोटर म्हणजे सेन्सर आणि शटर, हौद म्हणजे बफर, पाट म्हणजे मेमरी कार्ड. बफर ही कॅमेऱ्याच्या आतली अतिशय वेगवान, पण लहान मेमरी. प्रत्येक फोटो आधी तिथे जातो, तिथून कार्डावर लिहिला जातो. मोटरचा जोर पाटापेक्षा जास्त असेल तर हौद भरत जातो. काठोकाठ भरला की मोटरला पाटाच्याच वेगाने चालावं लागतं. कॅमेरा "अडकला" असं आपण म्हणतो, तेव्हा तो बिघडलेला नसतो. एक फोटो कार्डावर गेला की एक नवा घेतो, इतकंच तो करू शकतो.

हौद कंपनीने बांधून दिलेला असतो, तो तुम्हाला मोठा करता येत नाही. निकॉन डी७१०० आणि त्यानंतर आलेला डी७२०० पाहा. दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, दोन्ही सेकंदाला ६ फ्रेमचे. पण १४ बिट लॉसलेस रॉमध्ये (रॉ म्हणजे सेन्सरची माहिती जशीच्या तशी ठेवणारी मोठी फाइल, लॉसलेस म्हणजे काही न गमावता दाबलेली) पहिल्याचा बफर ६ फोटोंतच भरायचा, दुसऱ्याचा १८ फोटोंपर्यंत जायचा. म्हणजे डी७१०० वर पूर्ण वेग जेमतेम सेकंदभर. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांनी त्या कॅमेऱ्याबद्दल इतकी हळहळ का केली, ते यावरून कळतं. दुसऱ्या टोकाला २०१६ चा डी५००: सेकंदाला १० फ्रेम आणि एक्सक्यूडी या वेगवान प्रकारच्या कार्डावर सलग २०० रॉ, म्हणजे पूर्ण २० सेकंद. आणि वेग वाढला की हौदही पटकन भरतो. सोनीचा ए९ थ्री सेकंदाला १२० फ्रेम घेतो, पण त्याचा बफर १९२ फोटोंचा, म्हणजे १.६ सेकंदांचा. इतक्या महागड्या कॅमेऱ्यावरही बोट कधी दाबायचं ते माणसालाच ठरवावं लागतं.

पायरी १: दुखणं बफरचंच आहे का, ते बघा

कॅमेरा सुरुवातीलाच संथ चालत असेल तर कार्डाला दोष देऊ नका. शटर स्पीड १/६० वगैरे असेल, बॅटरी उतरलेली असेल, ट्यूबलाइटच्या लुकलुकीवरचं अँटी-फ्लिकर चालू असेल किंवा ड्राइव्ह मोड चुकून मंद बर्स्टवर असेल, तर पहिल्या फ्रेमपासूनच वेग कमी मिळतो. इनडोअर कबड्डीचे फोटो काढताना अँटी-फ्लिकरमुळे हे हमखास होतं. बफर भरल्याची खूण वेगळी: सुरुवात जोरात, मग एकदम धाप.

व्ह्यूफाइंडरमध्येही खूण दिसते. निकॉनवर शटर अर्धं दाबलं की 'आर' अक्षर आणि पुढे आकडा येतो, तितके फोटो बफरमध्ये मावतील असा कॅमेऱ्याचा अंदाज. कॅननवर उरलेल्या बर्स्टचा आकडा दिसतो आणि भरल्यावर 'बिझी' असं येतं. सोनीच्या नव्या बॉड्यांवर (बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) भरत जाणारी पट्टी दिसते. हा आकडा नजरेच्या कोपऱ्यातून बघायची सवय लावून घ्या. गाडी चालवताना पेट्रोलच्या काट्याकडे जसं लक्ष असतं, तसंच.

पायरी २: घरीच मोजा

याला अर्धा तास लागतो आणि दहा यूट्यूब व्हिडिओंपेक्षा जास्त कळतं.

कार्डावरचे फोटो संगणकावर घ्या आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. मोड मॅन्युअल, शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान, आयएसओ (प्रकाशाला किती संवेदनशील, तो आकडा) ठरवून एकच, फोकस मॅन्युअल. लेन्स कोऱ्या भिंतीकडे धरू नका. कोऱ्या भिंतीची फाइल लहान होते आणि आकडे खोटे सुंदर येतात. झाडाची दाट पानं, पुस्तकांचं कपाट, खडबडीत दगडी भिंत, असं काहीतरी बारकाव्यांचं समोर ठेवा.

मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि तो आवाजासकट व्हिडिओ काढेल असा दुसरा मोबाइल शेजारी ठेवा, शटरचा आवाज नंतर मोजता येतो. आता शटर ३० सेकंद दाबून धरा. तीन गोष्टी लिहून ठेवा: आवाज विरळ होईपर्यंत किती फोटो निघाले, ३० सेकंदांत एकूण किती निघाले, आणि बोट काढल्यापासून कार्डाचा लाल किंवा हिरवा दिवा विझेपर्यंत किती सेकंद गेले.

तिसरा आकडा बहुतेक जण मोजतच नाहीत. माझ्या मते सगळ्यात मोलाचा तोच.

समजा एकूण ९५ फोटो निघाले, एकेक फाइल ३० एमबीची आणि दिवा बोट काढल्यावर ८ सेकंदांनी विझला. ९५ गुणिले ३० म्हणजे २८५० एमबी, ते लिहायला ३८ सेकंद लागले. भागाकार ७५. तुमच्या कॅमेऱ्यात, तुमच्या कार्डाची खरी लेखनगती सेकंदाला ७५ एमबी. कार्डाच्या पाकिटावर १७० छापलेलं असलं तरी तुमच्यासाठी खरा आकडा हाच.

पायरी ३: हिशेब मांडा

वरच्याच कॅमेऱ्याचा बफर २० फोटोंचा, म्हणजे ६०० एमबीचा धरू, आणि वेग सेकंदाला १० फ्रेम. हौदात दर सेकंदाला ३०० एमबी येतात. आता तीन कार्डं घालून बघू.

जुनं, सेकंदाला २५ एमबी लिहिणारं कार्ड: हौद २७५ च्या वेगाने भरतो, २.२ सेकंदांत भरला, २२ फोटो मिळाले. रिकामा व्हायला २४ सेकंद.

७५ एमबी लिहिणारं चांगलं यूएचएस-१ कार्ड (ही नावं पायरी ४ मध्ये उलगडतील): २.७ सेकंद, २७ फोटो. रिकामा व्हायला ८ सेकंद.

१८० एमबी लिहिणारं यूएचएस-२ कार्ड: ५ सेकंद, ५० फोटो. रिकामा व्हायला ३.३ सेकंद.

पहिल्या दोन ओळी पुन्हा वाचा. कार्ड तिप्पट वेगवान झालं, पण सलग बर्स्ट २२ वरून २७ वर गेला, फक्त पाच फोटो जास्त. म्हणूनच "महाग कार्ड घेतलं, काही फरक पडला नाही" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. फरक पडलेला असतो, तो सलग बर्स्टमध्ये शोधला म्हणून सापडत नाही. हौद रिकामा व्हायला लागणारा वेळ २४ सेकंदांवरून ८ वर आला, फरक तिथे आहे. ऑस्प्रेने पहिली बुडी फुकट घालवली आणि दहा सेकंदांनी दुसरी मारली, तर पहिल्या कार्डावर तुमच्या हौदात अजून निम्म्याहून जास्त पाणी आहे. दुसऱ्या कार्डावर हौद रिकामा होऊन दोन सेकंद झालेत.

आता फाइल लहान करून बघा. हाच कॅमेरा कॉम्प्रेस्ड रॉवर ठेवला आणि फाइल १८ एमबीची झाली, तर दर सेकंदाला १८० एमबी येतात. कार्ड १८० च लिहीत असेल, तर हौद कागदोपत्री कधीच भरत नाही. पैसे न खर्चता मिळणारी ही सगळ्यात मोठी सुधारणा. सोनी ए७ थ्री याचं चांगलं उदाहरण आहे: सेकंदाला १० फ्रेमवर अनकॉम्प्रेस्ड रॉ सलग ४०, कॉम्प्रेस्ड रॉ ८९.

पायरी ४: कार्डावरची अक्षरं वाचायला शिका

कार्डावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा बहुधा वाचनगतीचा असतो, म्हणजे कार्डावरून संगणकावर फोटो घेतानाचा. बर्स्टला लागते ती लेखनगती. ती पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत असते, कधी कधी नसतेच. ती छापलेली नसेल तर मी ते कार्ड घेत नाही.

रोमन एक किंवा दोन ही खूण म्हणजे पाटाची रुंदी. यूएचएस-१ ची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी, यूएचएस-२ ची ३१२. कार्ड उलटं करून बघा: यूएचएस-२ ला सोनेरी पट्ट्यांची दुसरी ओळ असते, यूएचएस-१ ला एकच. १७० किंवा २०० एमबी लिहिलेली जी यूएचएस-१ कार्डं मिळतात, ती तो वेग कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने, ती पद्धत कळणाऱ्या रीडरमध्येच देतात. कॅमेऱ्यात ती १०४ च्या आतच राहतात.

गोल कंसातला १० म्हणजे किमान १० एमबी. यू१ म्हणजेही १०, यू३ म्हणजे ३०. व्ही३०, व्ही६०, व्ही९० म्हणजे व्हिडिओ चालू असताना अनुक्रमे ३०, ६० आणि ९० च्या खाली जाणार नाही ही हमी. ही किमान गती आहे, कमाल नव्हे. त्यामुळे दोन व्ही६० कार्डांत बर्स्टच्या वेळी बराच फरक पडू शकतो. तरीही व्ही९० कार्डं लिहायला साधारणपणे सगळ्यात दमदार, हा ठोकताळा चालतो.

कार्डाआधी कॅमेऱ्याचा स्लॉट बघा. सोनी ए६४०० आणि निकॉन झेड५० दोन्ही सेकंदाला ११ फ्रेम मारतात, पण दोघांचाही स्लॉट यूएचएस-१. त्यात यूएचएस-२ कार्ड चालतं, पण यूएचएस-१ च्या वेगाने. ते पैसे लेन्ससाठी ठेवा. उलट ज्या बॉडीला यूएचएस-२ स्लॉट आहे, तिच्यात यूएचएस-१ कार्ड घालणं म्हणजे रुंद पाटावर अरुंद मोरी बसवणं.

सीएफएक्सप्रेस हा एसडीपेक्षा वेगवान कार्डांचा वेगळाच वर्ग. टाइप ए ची मर्यादा सेकंदाला सुमारे १००० एमबी, टाइप बी ची सुमारे २००० आणि २०२३ ला जाहीर झालेल्या ४.० आवृत्तीत ती दुप्पट झाली. इथेही छापील कमाल आकड्यावर जाऊ नका. स्वस्त कार्डं थोडा वेळ जोरात लिहितात, मग तापून किंवा आतली वेगवान जागा संपून मंदावतात. पाकिटावर सलग लेखनगती स्वतंत्र दिलेली असेल, तर तोच आकडा धरा.

पायरी ५: कॅमेऱ्यातली सेटिंग

रॉ आणि जेपेग दोन्ही एकदम काढत असाल तर स्वतःला विचारा, ते जेपेग कोण बघतं? बातमीसाठी लगेच पाठवायचं असेल तर ठीक. नाहीतर प्रत्येक क्लिकला विनाकारण आठ-दहा एमबी जास्त जातात.

कॉम्प्रेस्ड किंवा लॉसलेस कॉम्प्रेस्ड रॉ निवडा. कॅननवर त्याला सी-रॉ म्हणतात. पक्षी आणि खेळांसाठी मी तेच सुचवेन. सावल्या खूप उचलायच्या असतील तेव्हाच फरक दिसू शकतो. निकॉनच्या काही बॉड्यांवर १४ ऐवजी १२ बिटचा पर्याय आहे. डी७२०० वर त्याने १८ चे २७ होतात.

लेन्सचं डिस्टॉर्शन सुधारणं, डिजिटल लेन्स ऑप्टिमायझर, जास्त आयएसओवरचं नॉइज रिडक्शन 'हाय'वर, ही कामं कॅमेरा प्रत्येक फोटोवर करत बसला की बर्स्ट आखूड होतो. रॉ काढणाऱ्याला हे सगळं नंतर संगणकावर करता येतं. बंद करा.

आयएसओचंही ध्यानात ठेवा. आयएसओ वाढला की दाणे वाढतात, आणि दाणेदार फोटो नीट दाबला जात नाही, फाइल फुगते. पहाटेच्या अंधारात ६४०० आयएसओवर बफर लवकर भरतो तो यामुळे. घरची चाचणी एकदा १०० वर आणि एकदा ६४०० वर केलीत तर हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

आणि दोन स्लॉट असतील तर सगळ्यात आधी हे तपासा: दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहायची सोय चालू असेल, तर वेग मंद कार्डाचा मिळतो. ए७ थ्री आणि सोनी ए९ मध्ये एकच स्लॉट यूएचएस-२ आहे, दुसरा यूएचएस-१. लग्नात फोटोची दुसरी प्रत हवीच, तिथे बर्स्टपेक्षा सुरक्षितता मोठी, त्यावर वाद नाही. पण पक्ष्यांच्या मागे जाताना दुसरं कार्ड 'भरल्यावर वापर' वर ठेवा आणि वेगवान कार्ड वेगवान स्लॉटमध्ये घाला. दोन्ही दारं एकाच झाकणाखाली असतात, अदलाबदल सहज होते.

पायरी ६: बोटाला वळण लावा

वारीतलं रिंगण डोळ्यांपुढे आणा. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण किंवा बेलवाडीला गोल. अश्व सुटला की गर्दीचा आवाज चढतो आणि बोट आपोआप शटरवर रुततं. पण अश्व लांब असतानाच्या त्या वीस फ्रेम कोणालाच नको असतात. तो समोरून जाताना मात्र बफर भरलेला असतो.

म्हणून शटर एकेका सेकंदाच्या तुकड्यांत दाबा. आठ-दहा फ्रेम, बोट वर, पुन्हा आठ-दहा. बोट वर असतानाही कार्डावर लिहिणं चालूच असतं. वरच्या हिशेबातल्या ७५ एमबीच्या कार्डावर एका सेकंदाच्या बर्स्टनंतर हौदात २२५ एमबी उरतात, ते तीन सेकंदांत निघून जातात. म्हणजे सेकंदभर दाबा, तीन सेकंद थांबा, या तालावर चाललात तर बफर कधीच भरत नाही. तुमच्या कॅमेऱ्याचा ताल वेगळा निघेल, तो पायरी २ च्या आकड्यांवरून काढा.

हात आवरत नसेल तर निकॉनच्या मेनूत सलग फ्रेमची कमाल मर्यादा घालता येते. दहावर ठेवा, दहा झाल्या की कॅमेरा स्वतः थांबेल आणि बोट उचलावंच लागेल. (कोणाकडून जुनी बॉडी घेतली आणि ती विचित्र लवकर थांबते, तर हीच सेटिंग आधी बघा.)

काही नव्या कॅमेऱ्यांत प्री-कॅप्चर असतं. शटर अर्धं दाबलेलं असताना फ्रेम बफरमध्ये फिरत राहतात आणि पूर्ण दाबलं की आधीच्या अर्ध्या-एक सेकंदाच्या फ्रेमही मिळतात. खंड्या फांदीवरून उडण्याचा क्षण असा पकडता येतो. बफर त्यातही लागतोच, त्यामुळे तुकड्यांची सवय इथेही सुटत नाही.

पायरी ७: कार्डाची निगा

फॉरमॅट कॅमेऱ्यातच करा, संगणकावर नको. कार्ड पूर्वीपेक्षा मंद वाटलं तर कॅननच्या मेनूत एसडी कार्डासाठी 'लो लेव्हल फॉरमॅट'ची खूण असते, ती करून बघा. नेहमीच्या फॉरमॅटमध्ये जुना मजकूर आत पडूनच असतो, या फॉरमॅटने तो खरोखर पुसला जातो आणि लिहायला जागा मोकळी होते. फोटो आधी काढून घ्या, नंतर परत मिळणार नाहीत.

नवं कार्ड घेतल्यावर पहिल्या दिवशीच विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू चालवा. मॅक किंवा लिनक्स असेल तर एफथ्री. ही साधनं कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघतात. १२८ जीबी छापलेलं पण आत ३२ च असलेलं बनावट कार्ड इथे उघडं पडतं, लग्नाच्या मांडवात नाही. त्याबरोबर लेखनगतीही कळते, मात्र रीडर चांगला हवा.

दिवा लुकलुकत असताना कार्डाचं दार उघडू नका, बॅटरी काढू नका. मोठ्या बर्स्टनंतर बॅटरी बदलायची घाई झाली तर आधी दिवा बघा. हौदात असलेले फोटो अजून कार्डावर पोचलेले नसतात, वीज गेली की ते गेलेच.

भिगवणच्या त्या सकाळी माझ्याकडे असलेल्या कार्डाची मी नंतर वरच्याच पद्धतीने चाचणी घेतली. बर्स्टनंतर दिवा विझायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागत होता. पुढच्या हिवाळ्यात बॉडी तीच ठेवली, कार्ड बदललं, रॉ कॉम्प्रेस्ड केलं आणि बोट तुकड्यांत चालवलं. ऑस्प्रे पाण्यात शिरतानाच्या चार फ्रेम मिळाल्या, एकीत त्याचे पाय पाण्याला टेकलेत आणि पंख अजून कोरडे आहेत. जुनं कार्ड आता तिवईवर लावलेल्या कॅमेऱ्यात असतं, सूर्यास्तासाठी. मिनिटाला एक फ्रेम, तिथे ते व्यवस्थित काम करतं.